पडलेलं बॉम्बर पुन्हा उभं करणं : डागडुजी, जीर्णोद्धार की जतन?

जुना_फिटर

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मी नौपाड्यात राहतो. चौतीस वर्षं वागळे इस्टेटीत पत्र्याच्या कामात काढली, आधी बसच्या बॉड्या आणि मग कंट्रोल पॅनलचे डबे. गेल्या वर्षी मुलीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा नातवाला घेऊन हेंडनचं आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालय पाहायला गेलो. नातू तासाभरात कंटाळला, मला मात्र सिक्युरिटीवाल्याने बाहेर काढेपर्यंत हलवेना.

कारण होतं एक हॅलिफॅक्स, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर. नंबर डब्ल्यू १०४८. एप्रिल १९४२ मध्ये हे विमान 'टिरपिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला नॉर्वेत गेलं, गोळ्या लागल्या आणि वैमानिकाने ते गोठलेल्या तळ्यावर पोटावर उतरवलं. सातजण होते. सहा चालत चालत स्वीडनला पोचले, एकाचा घोटा मोडला होता म्हणून तो पकडला गेला. मग बर्फ वितळला आणि विमान नव्वदेक फूट खाली गेलं. १९७३ मध्ये पाण्यात बुड्या मारणाऱ्या माणसांनी ते वर काढलं.

आणि मग त्याला फारसं काही केलंच नाही! बरंचसं जसं निघालं तसंच ठेवलंय. पत्रा फाटलेला, बरगड्या उघड्या, सगळं तपकिरी-काळं. माझ्यातला फिटर आधी चिडला. म्हटलं, अरे, एवढे पैसे आहेत तुमच्याकडे, निदान पोटाचा पत्रा तरी बदला. पण अर्ध्या तासाने लक्षात आलं, मी पोटाखालचे वळलेले पत्रेच बघतोय. कुठल्या बाजूने बर्फाला आधी घासलं, ते वाचता येत होतं. नवा पत्रा लावला असता तर ते गेलं असतं.

त्याच संग्रहालयात एक लिबरेटर आहे. तेही चार इंजिनांचं बॉम्बर, पण अमेरिकन बनावटीचं. हे मात्र धडधाकट, पायांवर उभं. हे १९७४ मध्ये इंग्लंडला पोचलं, आणि आलं कुठून? आपल्याकडून! त्याची गोष्ट सांगायलाच हा धागा काढलाय.

युद्ध संपलं तेव्हा आरएएफची लिबरेटर कानपूरला चकेरीच्या तळावर ओळीने उभी होती. ती कोणी वापरू नयेत म्हणून जाण्याआधी मोडून ठेवली. काहींवर बुलडोझर घातले, इंजिनांत वाळू ओतली, कॉकपिटमधली घड्याळं फोडली. १९४८ मध्ये आपल्याला बॉम्बर हवी होती, विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली, त्या भंगारात फिरून कुठलं विमान उठू शकेल ते पाहिलं आणि उडण्यापुरती मलमपट्टी केली. कंपनीचे वैमानिक जिमी मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. हवाई अंतर दीड हजार किलोमीटर! तिथे पूर्ण उघडून पुन्हा बांधली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. एकूण चाळीसच्या आसपास विमानं अशी उठवली आणि ती १९६८ अखेरपर्यंत उडत होती.

माझं म्हणणं एवढंच की पडलेलं विमान पुन्हा उभं करण्याच्या जगातल्या गोष्टी काढल्या की नॉर्वे, ग्रीनलंड, कॅनडा येतं. कानपूर कोणी काढत नाही. आपणही नाही.

ऐरोलीकर_मंजिरी

काका, मस्त धागा. पण स्वतःचीच विमानं मोडायची? नेता येत नव्हती तर विकायची ना.

जुना_फिटर

मंजिरी, ती त्यांची नव्हतीच. अमेरिकेने युद्धकाळात उधार-उसनवारीच्या करारावर दिलेली. युद्ध संपल्यावर एकतर परत करा, नाहीतर पैसे भरा, नाहीतर निकामी करा. परत न्यायचा खर्च विमानापेक्षा जड, आणि अमेरिकेकडे स्वतःचीच ढिगाने पडून होती. लिबरेटर अठरा हजारांवर बनली होती. फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला एक बाहेर पडायचं. अशा वस्तूची किंमत कोण ठेवतो?

शंकासूर

छान लिहिलंय, पण दोन शंका. एक, चार मोडक्यांतून एक धडकं केलं तर ते नेमकं कुठलं विमान? दुसरी, हे आपलं नेहमीचं जुगाड झालं. त्याला जीर्णोद्धार का म्हणायचं?

जुना_फिटर

जुगाड हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. सुतळीने सायलेन्सर बांधणं म्हणजे जुगाड. लिबरेटरमध्ये तीन लाखांवर रिव्हेट असतात. इंजिनं चार, प्रत्येकाला चौदा सिलिंडर आणि सिलिंडरला दोन प्लग. म्हणजे फक्त प्लगच एकशे बारा! वाळू ओतलेलं इंजिन सुतळीने चालू होत नाही. ते पूर्ण उघडावं लागतं. बंगळूरच्या कारखान्याचा हात बसलेला होता, कारण युद्धात तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती चालायची. डकोटा या मालवाहू विमानाचं इंजिनही याच कुळातलं.

रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारा बिनआट्यांचा खिळा. तो कसा बसवतात ते सांगतो, म्हणजे कळेल. आमच्याकडे बसच्या पत्र्याला बाहेरून गन (हवेवर चालणारा हातोडा) मारायची आणि आतून दुसऱ्याने डॉली धरायची. डॉली म्हणजे मुठीत मावणारा पोलादी ठोकळा, एक बाजू आरशासारखी घासलेली. मधे पत्रा, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मी लागलो तेव्हा आतल्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री असायचे. ते पत्र्यावर डॉलीने टकटक करायचे. एक टक म्हणजे आणखी हाण, दोन टक म्हणजे बसला, तीन टक म्हणजे गाढवा, वाकडा गेला, काढ. पहिल्या महिन्यात मला तीनच ऐकू यायचे. रिव्हेट नीट बसत आला की गनचा आवाज बदलतो, भरल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा होतो. हे पुस्तकात नसतं.

विमानात तर आणखी कडक. तिथले काही रिव्हेट भट्टीत तापवून पाण्यात बुडवतात आणि लगेच फ्रीजरमध्ये ठेवतात. बाहेर काढला की खोलीच्या उबेनेच कडक व्हायला लागतो, दहा-वीस मिनिटांत ठोकला नाही तर डोक्याला चिरा पडतात. म्हणजे आइस्क्रीमच्या डब्यासारखा एकेक मूठ काढायचा. जुगाडवाले असं काम करत नाहीत.

पहिल्या शंकेवर नंतर येतो, ती खरी आहे.

रबाळ्याची_रसायनी

वाचनमात्र होते, पण पत्र्याचा विषय निघाल्यावर राहवेना. मी एमआयडीसीत गंज आणि लेपांच्या प्रयोगशाळेत आहे.

विमानाचा पत्रा म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियम नव्हे, त्यात तांबं मिसळलेलं असतं. ताकद वाढते, पण गंजाला तोंड देण्याची शक्ती जाते. म्हणून वरून शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. तो थर कुठे फाटला की मीठ आत शिरतं, आणि पत्रा वरून झिजत नाही, आतून पदर सुटत जातात. बेकरीतली खारी असते ना, अगदी तशी! बाहेरून जाड, फुगलेला दिसतो आणि बोट लावलं की पापुद्रे.

दुसरं म्हणजे दोन धातूंची जवळीक. खाडीकाठी राहणाऱ्यांनी आपल्या स्लायडिंगच्या खिडकीची पट्टी बघा. कारागिराने लोखंडी स्क्रू मारला असेल तर त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमलेली असते. ॲल्युमिनियम स्वतः खर्ची पडून लोखंडाला वाचवतं. विमानात पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मॅग्नेशियमचे ओतीव भाग शेजारी-शेजारी. समुद्रात पडलं तर मॅग्नेशियम सगळ्यात आधी विरघळतं. म्हणून थंड, गोड्या पाण्याच्या तळ्यात पडलेली विमानं इतकी चांगली निघतात आणि समुद्रातली हाताला लागत नाहीत.

तरी एक काढलंय. जर्मनांचं डॉर्निअर १७, ऑगस्ट १९४० मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सवर पडलं, जून २०१३ मध्ये वर आलं. हवा लागली की गंज दौडत सुटतो, म्हणून प्लॅस्टिकच्या बोगद्यात ठेवून त्यावर सतत फवारा मारत राहिले. कशाचा माहितेय? सायट्रिक ॲसिडचा. म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, ढोकळ्यात घालतो ते! आम्लता बेताची राहावी म्हणून त्यात थोडा कॉस्टिक सोडा मिसळलेला. त्याने शिंपले आणि क्षार सुटतात. हा फवारा आठवडा-दोन आठवड्यांत उरकणारा नव्हे, वर्षं लागतात. (घरी पितळी समईवर करून बघा, विमानावर नको.)

ऐरोलीकर_मंजिरी

रसायनीताई, आत्ताच जाऊन खिडकी बघून आले. पांढरी भुकटी आहे!! आता काय करू?

रबाळ्याची_रसायनी

स्टेनलेसचे स्क्रू आणि खाली नायलॉनचा वॉशर. पट्टीतली पाणी जायची भोकं मोकळी ठेव. तीच बुजलेली असतात.

खारघर_ते_टोरांटो

काका, तुमच्या हेंडनच्या अगदी उलट टोक मी पाहिलंय. कॅनडात ट्रेंटनच्या हवाई दल संग्रहालयात एक हॅलिफॅक्स आहे, एनए ३३७. आमच्या इथून गाडीने दोनेक तास.

एप्रिल १९४५, युद्ध संपायला दोन आठवडे. नॉर्वेतल्या प्रतिकारकर्त्यांसाठी सामान टाकून परतताना गोळी लागली आणि म्योसा नावाच्या तळ्यात उतरावं लागलं. सहाजण होते. पाण्यावर उतरताना सगळे वाचले, पण थंडीने पाच गेले. सकाळी फक्त शेपटीकडचा गनर जिवंत सापडला. १९९५ मध्ये सव्वादोनशे मीटर खोलावरून विमान काढलं आणि कॅनडात आणून दहा वर्षं बांधलं. काम करणारे बहुतेक निवृत्त स्वयंसेवक. आज असं दिसतं की कारखान्यातून काल निघालं. मला तेच खुपलं. चकचकीत काळा रंग बघून त्या पाचजणांची थंडी काही जाणवत नाही.

अर्थात त्यांचीही बाजू आहे. हॅलिफॅक्स सहा हजारांवर बनली, युद्धानंतर उरलेली जवळपास सगळी वितळवली. आज जगात तीन. कॅनडाचे हजारो पोरगे याच विमानांतून गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या नातवंडांना 'आजोबा यात बसायचे' असं पूर्ण विमान दाखवायचं होतं.

शंकासूर

तिसरं कुठलं?

खारघर_ते_टोरांटो

यॉर्कशायरमध्ये एल्विंग्टनला. त्याने तुमची पहिली शंका आणखी वाढेल. त्याच्या धडाचा मधला भाग स्कॉटलंडच्या एका बेटावर सापडला, शेतकऱ्याने १९४८ पासून कोंबड्यांचं खुराडं केलं होतं! पंख दुसऱ्याच जातीच्या विमानाचे, हेस्टिंग्ज म्हणून. बाकीचं नव्याने घडवलं. १९९६ मध्ये पूर्ण झालं.

शंकासूर

म्हणजे खुराड्याचा जीर्णोद्धार. :)

मी मुद्दामच उलटं बोलतो हे जुन्यांना माहीत आहे. पण या छंदात माणसं वाहवत जातात. 'की बर्ड'ची गोष्ट सांगतो. अमेरिकन बी-२९ बॉम्बर, युद्धानंतर १९४७ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर उतरवलेलं, जवळपास अख्खं. १९९४ मध्ये एक टोळी गेली, ठरवलं की जागेवरच दुरुस्त करून उडवतच न्यायचं. नव्यासारखी बांधलेली चार इंजिनं, पंखे, टायर, सगळं विमानाने तिथे नेलं. पहिल्या मोसमात मुख्य मेकॅनिक आजारी पडला आणि गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात इंजिनं चालू झाली, विमान बर्फावर पळायला लागलं. शेपटीकडे वीज बनवणारं छोटं इंजिन होतं, त्याची पेट्रोलची टाकी कशीबशी अडकवलेली. धक्क्याने ती सुटली आणि आग लागली. अठ्ठेचाळीस वर्षं बर्फाने जपलेलं विमान तासाभरात गेलं.

जुगाड शब्द मागे घेतो, पण कानपूरला नाही तरी इथे तो चपखल बसतो.

जुना_फिटर

बसतो. टाकीचं ब्रॅकेट! पन्नास रुपयांचं काम. वाचून पोटात खड्डा पडला.

नेरूळची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझे वडील हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. पन्नाशीच्या दशकात पुण्याला, लोहगावला. तिथे सहा नंबरची स्क्वाड्रन होती, लिबरेटर घेऊन समुद्रावर टेहळणी करायची. नाना जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यांच्या तोंडून ऐकलेलं लिहिते.

ते म्हणायचे, लिबरेटरचं पोट म्हणजे लक्ष्मी रोडवरचं दुकान. बॉम्बच्या कप्प्याची दारं खाली उघडत नाहीत, शटरसारखी बाजूने वर गुंडाळली जातात. आत मधोमध एकच फळी, वीतभर रुंद. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं तर त्यावरूनच, आणि खाली ते शटर. शटर इतकं हलकं की माणूस पडला तर थेट खाली जाईल. नाना सडसडीत होते म्हणून त्यांना पाठवायचे.

दुसरी गोष्ट वासाची. त्या कप्प्यात पेट्रोलचा वास कोंडायचा, म्हणून शटर थोडं उघडं ठेवूनच उडायचे. नानांच्या गणवेशाला वास यायचा, आई वेगळ्या बादलीत धुवायची.

आणि मागच्या बाजूला जास्त माणसं चढली की विमान शेपटीवर बसायचं! म्हणून जमिनीवर असताना मागे टेकू लावून ठेवायचे. एकदा कुणी पाहुणे बघायला आले तेव्हा सगळे मागेच शिरायला लागले आणि नाना बाहेरून ओरडत होते, 'पुढे सरका, पुढे सरका', बसच्या कंडक्टरसारखे.

ही विमानं मोडीतून उठवलेली आहेत हे नानांनी कधी सांगितलं नाही. मला आज कळलं. त्यांच्यासाठी ते फक्त विमान होतं, रोज सकाळी तयार ठेवायचं.

जुना_फिटर

ताई, धाग्याचं सार्थक झालं. तुमच्या शेवटच्या ओळीवर मी दोन दिवस अडकलोय.

शंकासुरांच्या पहिल्या शंकेचं उत्तर मला तिथेच सापडलं असं वाटतं. आपल्याकडे शब्द तीन आहेत. डागडुजी वापरासाठी करतात. जीर्णोद्धार श्रद्धेसाठी. जतन अभ्यासासाठी. कानपूरची डागडुजी होती, भले केवढी का मोठी असेना. ट्रेंटनचा जीर्णोद्धार आणि हेंडनचं जतन. तिन्हीत विमान तेच राहिलं का, हा प्रश्न फक्त जीर्णोद्धारवाल्यांना पडतो. डागडुजीवाल्याला पडत नाही, कारण विमान सकाळी उडणार असतं.

देवळाचं बघा ना. मूर्तीला वज्रलेप करतात, शेंदराची खोळ सुटून आतली मूळ मूर्ती निघते, गाव रडतं. मूर्ती तीच की वेगळी, असं गावात कोणी विचारत नाही. पण त्याच गावात काळ्या दगडाच्या भिंतीला ऑइलपेंट फासला की माझ्यासारखा बोंबलतो. दोन्ही खरंच आहे.

रबाळ्याची_रसायनी

काका, ऑइलपेंटवरून आठवलं. एका शहरातल्या बागेत चौथऱ्यावर जुनं लढाऊ विमान ठेवलंय, गावाचं नाव घेत नाही. दरवर्षी सणाच्या आधी वरून चंदेरी रंगाचा हात मारतात. खालची पाणी निथळायची भोकं त्या रंगाने बुजली. पावसाळाभर पोटात पाणी. मी गेले तेव्हा सांध्यातून पांढरे ओघळ आलेले आणि एका चाकाच्या कप्प्यात साळुंक्यांचं घरटं. अर्ज दिला, म्हटलं भोकं मोकळी करा, बाकी काही नको, मी येऊन दाखवते. उत्तर आलं की रंगकामाचं टेंडर निघालेलं आहे.

नेवाळीचा_नातू

ठाणे जिल्ह्यात बॉम्बर नाही, पण धावपट्टी आहे बरं का. कल्याणजवळ नेवाळीला, दुसऱ्या महायुद्धात बांधलेली. आजोबांच्या पिढीच्या जमिनी तिच्यात गेल्या. तो वाद २०१७ मध्ये रस्त्यावर आला होता, पेपरात वाचलं असेल. लहानपणी आम्ही त्या सिमेंटवर सायकल शिकलो. भेगांतून गवत, कडेला गुरं. आता नवी मुंबईच्या विमानतळाचं कौतुक चाललंय, चालू दे, पण आमच्याकडे पट्टी ऐंशी वर्षं आधीपासून आहे.

आजी सांगायची, विमान आलं की कोंबड्या टोपलीखाली घालायच्या. लिबरेटर होती की काय होतं, तिला काय माहीत.

शंकासूर

खारघरकर, तुमच्या एल्विंग्टनने आणि या आजींनी कोंबड्यांचा विषय पूर्ण केला.

एक गंभीर प्रश्न मात्र राहतो. हॅलिफॅक्स, लिबरेटर यांनी शहरं जाळली. आपण रिव्हेट मोजतोय. खाली असलेल्यांचं काय?

खारघर_ते_टोरांटो

रास्त आहे. लंडनला ग्रीन पार्कमध्ये बॉम्बर कमांडचं, म्हणजे आरएएफच्या बॉम्बर दलाचं, स्मारक २०१२ मध्ये झालं. त्याच्या छताचं ॲल्युमिनियम एका हॅलिफॅक्सचं आहे, बेल्जियमच्या दलदलीतून १९९७ मध्ये काढलेल्या. त्यात तिघांचे अवशेष निघाले, त्यांचं दफन झालं आणि उरलेला पत्रा वितळवून छतात घातला. स्मारकावर सगळ्या बाजूंच्या मृतांचा उल्लेख आहे. पुरेसा आहे का, माहीत नाही. पण वितळवणं हाही एक मार्ग आहे, चौथा. काकांच्या तीन शब्दांत तो बसत नाही.

जुना_फिटर

विसर्जन.

ऐरोलीकर_मंजिरी

वा काका.

बरं, एक प्रत्यक्षातलं. आमच्या सोसायटीतली दोन पोरं आयटीआयला आहेत, त्यांना हा धागा दाखवला. गन-डॉलीने रिव्हेट मारताना कोणी पाहिलेलंच नाही, सगळे पॉप रिव्हेट मारतात, एकाच बाजूने बसणारे. तुम्ही दाखवाल का? तुमची डॉली आहे का अजून?

जुना_फिटर

आहे की. मिस्त्रींनी निवृत्त होताना दिली होती. सध्या बाथरूमचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो, बायको रोज अडखळते. घासलेली बाजू अजून आरशासारखी आहे.

रविवारी सकाळी चालेल. ऐरोलीला मी येईन, फक्त कॉम्प्रेसर कुणाकडे असेल तर बघा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आवाज फार होतो. पोरांना म्हणावं, एकाने आत आणि एकाने बाहेर उभं राहायचंय.

डॉलीचा फोटो काढलाय. इथे चढवायचा कसा ते कोणी सांगेल का?

नेरूळची_लेक

काका, आधी फोटोचा आकार कमी करा. आणि रविवारी मीही येते. नानांची पान्यांची पेटी आहे माझ्याकडे, निम्म्या पान्यांवरचे नंबर मला कळत नाहीत.